घरात कोणाला?

नाशिक रोडच्या बाजारात चतुराबाईचं दुकान आहे असं म्हणायचं, पण ते दुकान म्हणजे भांड्यांचं दुकान आणि शिंप्याचं दुकान यांच्यामध्ये उरलेली चार फुटांची फट. आत एक चटई, भिंतीला बांगड्यांनी भरलेल्या दांड्या आणि मधोमध चतुराबाई कासारीण. गिऱ्हाइकाने पायरीवर बसायचं, हात पुढे करायचा आणि गप्प राहायचं. कोणता रंग शोभेल ते चतुराबाई सांगणार. एखादीने स्वतःची आवड सांगितलीच तर ती म्हणायची, "मग त्या समोरच्या मोठ्या दुकानात जा बाई. तिथं आरसा हे, आमच्याकडं नाय."

तरी बायका तिच्याकडेच यायच्या. कारण तिचा हात. कितीही आवळ बांगडी असो, ती मनगटावरून अशी सरकवायची की बोलता बोलता डझन भरून व्हायचा आणि कातडीला ओरखडा नसायचा. एकदा दाबून पाहिलेला हात ती जन्मात विसरत नसे. नावं विसरायची, चेहरे विसरायची, पण हात धरला की लगेच, "तू अडीचाच्या मापाची. माहेर घोटीचं. मागच्या खेपेला मोरपंखी भरल्या होत्या." माहेर विचारल्याशिवाय ती बांगडीला हातच घालत नसे. सासरचं नाव काय, ते तर दारावरच्या पाटीवर असतं, असं तिचं म्हणणं.

दुसरी गोष्ट होती तिचा कान. भरण्याआधी बांगड्यांचा डझन ती दोऱ्यासकट बोटावर टांगायची आणि दुसऱ्या हाताच्या नखाने टिचकी मारायची. सगळ्या धड असल्या की आवाज खणखणीत यायचा. एखादीला डोळ्याला न दिसणारी चीर असली तर सगळा घोसच बद्द वाजायचा. मग ती एकेक बांगडी वाजवून नेमकी ती बाजूला काढायची. तिचा सासरा म्हणायचा, कासाराचे डोळे म्हातारे झाले तरी चालतील, कान म्हातारा होता कामा नये. सासऱ्याचं बाकी काही तिने कधी ऐकलं नाही, एवढं मात्र ऐकलं.

आणि नेमका तोच कान गेला. एका दिवसात नाही, दहाएक वर्षांत, हळूहळू, आणि गंमत अशी की सगळाच गेला नाही. मालगाडीचा भोंगा ऐकू यायचा, शेजारच्या भांडेवाल्याच्या शिव्या तर फारच छान ऐकू यायच्या. गेला तो बारीक आवाज. कुकरची शिट्टी, फोनची घंटी, पोरीबाळींचं बोलणं आणि बांगडी. चतुराबाईने ही गोष्ट कोणाला म्हणजे कोणालाच सांगितली नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती निभावून न्यायची. लोकांना वाटायचं, काय तोंडाकडे बघून मन लावून ऐकते बाई! साखरेची गोळी ती चाळिशीपासून घेत होती, पण तो आजार सांगायला लाज वाटत नाही. अर्ध्या बाजाराला साखर होती.

पण लपवलेलं कधीतरी अंगावर येतंच. भगूरच्या पल्लवीचं लग्न होतं. आदल्या दिवशी घरभर पाहुणे, आणि हिरवा चुडा भरायला चतुराबाईला मानाने बोलावलेलं. तिने घोस बोटावर घेतला, टिचकी मारली, समाधानाने मान हलवली. ऐकू काहीच आलं नव्हतं. चौथी बांगडी पल्लवीच्या हातावरच मोडली आणि मनगटातून रक्ताची धार लागली. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी कोणी वाढली पण म्हणालं नाही. पल्लवीची आई म्हणाली, "चतुराबाई, कान कुठं होता तुमचा?"

बाई रागाच्या भरात सहज बोलून गेली होती. चतुराबाईच्या मात्र ते काळजात घुसलं. ती घरी आली आणि दोन दिवस दुकान उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी उघडावंच लागलं नाही, कारण नातीच्या कानाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला लेकच दारात आली. निकिता ही तिची एकुलती एक लेक, तिथेच जेल रोडला दिलेली. जावई संतोष प्रेसमध्ये नोकरीला, शांत माणूस, निर्णय घ्यायची वेळ आली की आईकडे बघणारा. त्यांची एकच मुलगी, सायली. तेरा वर्षांची, आठवीत जाणारी, पण अंगापिंडाने अशी की पाहुणे तिला पाचवीतली समजायचे.

सायलीचे कान चौथीपासून कमी झाले होते. बाराव्या वर्षी तिला साखर निघाली आणि दिवसाला चार वेळा इन्सुलिनची सुई सुरू झाली. साखर एका दवाखान्यात, कान दुसऱ्या दवाखान्यात. दोन्हींच्या फायली निकिताच्या एकाच पिशवीत असायच्या, पण एका डॉक्टरने दुसऱ्याची फाईल उघडून बघितली असं कधी झालं नाही. "साखर वाढलीय" असं पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले तेव्हा चतुराबाईने पोरीला जवळ ओढलं होतं. तिच्या भाषेत वाढलं म्हणजे मोडलं.

आता कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कानात घालायच्या मशीनचा उपयोग संपत आला. शस्त्रक्रिया करून कानाच्या आत यंत्र बसवता येईल. पण कान कशाने गेले हेच कळत नव्हतं. दोष कानाच्या आतल्या शंखात असेल तर यंत्र चालेल, त्यामागच्या नसेत असेल तर चालेल याची खात्री नाही. संतोषची आई बायडाबाई म्हणाली, "खात्री नाय तर पोरीच्या डोक्याला कापाकापी कशाला?" तिच्या माहितीत एक कर्णबधिर मुलांची निवासी शाळा होती, पार दुसऱ्या जिल्ह्यात. शाळा चांगली होती, शिक्षक मायेचे होते, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण सायलीला तिची शाळा, तिचा पहिला बाक आणि तिची आई सोडून कुठेही जायचं नव्हतं. संतोषने आईकडे बघितलं आणि ठरलं. जूनपर्यंत कारण कळलं तर शस्त्रक्रिया, नाहीतर निवासी शाळा.

मार्चमध्ये कोणीतरी डॉक्टर दराडे यांचं नाव सांगितलं. लहान मुलांच्या हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टर, नाशकात नव्याने आलेल्या. निकिता सायलीला घेऊन गेली, सोबतीला चतुराबाई. बाहेरच्या बाकावर बसून निकिताने छापील फॉर्म भरला. आत डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता विचारत होत्या, "घरात कोणाला मधुमेह? घरात कोणाला कमी ऐकू येतं?"

"नाही. घरात कोणालाच नाही," निकिता म्हणाली.

"आजी, बरोबर ना?"

चतुराबाईला डॉक्टरांचा भांग दिसत होता, ओठ दिसत नव्हते. निकिताने मान हलवली होती, तशी तिनेही हलवली.

बाहेर आल्यावर निकिता औषधांच्या रांगेत गेली. आजी आणि नात आवारातल्या कडुनिंबाखाली बसल्या. सायलीने फायलीतला तो फॉर्म काढला, वाचला, आणि आजीचा हात ओढून तिला आपल्याकडे वळवलं.

"आजी, हे खोटं लिहिलंय. घरात कोणाला कमी ऐकू येतं, नाही. तुला कुठं ऐकू येतं?"

"कोण म्हणतं?" चतुराबाई उसळली. "मला नाय ऐकू येत? अगं, आख्खा बाजार ऐकते मी! वरून चुगल्यापण ऐकते!"

सायली जरा मागे सरकली. तिने आपला तळवा तोंडावर ठेवला आणि तळव्याआडून काहीतरी म्हटलं. मग हात काढून विचारलं, "सांग, आता मी काय बोलले?"

चतुराबाई बघत राहिली. काहीही सांगून वेळ मारून नेण्यात तिचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं, पण त्या पोरीसमोर तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

"मलापण असंच होतं," सायली म्हणाली. "तू माझ्यासारखीच तोंडाकडे बघतेस. मला चौथीपासून माहितीय."

चार वर्षं! नवऱ्याला, लेकीला, गिऱ्हाइकांना जे कळलं नाही ते या एवढ्याशा पोरीने चार वर्षं मनात ठेवलं होतं, आजीची लाज राखली होती. चतुराबाईला रडू आलं. तिने ते पदराने नाही पुसलं, सरळ येऊ दिलं.

घरी येऊन ती विचार करत बसली. तिची आई भागीबाई, इगतपुरीची. शेवटची पंधरा वर्षं ठार बहिरी. वाड्यावस्त्यांवरचे लोक त्या घराला बहिऱ्यांचं घर म्हणायचे. चतुराबाईचं लग्न जमवताना मामाने बजावलं होतं, आईला पुढे आणायचं नाही, विचारलं तर आजारी आहे म्हणायचं. तेव्हापासून ही गोष्ट तिने माहेरीच पुरून टाकली होती. आता ती उकरायची म्हणजे काय होणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. बायडाबाई म्हणणार, खोट तुमच्याकडची. निकिताला उठता बसता ऐकावं लागणार. आईने लपवलं म्हणून लेकच आपल्याला बोलणार.

आणि नाही उकरली तर? तर जूनमध्ये सायलीची ट्रंक भरायची.

तिने उठून जावयाला फोन लावला. पलीकडचं बोलणं तिला नीट कळत नव्हतं, म्हणून ती एकटीच बोलली. "संतोषराव, परवा दवाखान्यात तुम्ही या. विहीणबाईंना आणा. मला सगळ्यांदेखत बोलायचं हे." आणि ठेवून दिला.

त्या दिवशी डॉक्टर दराड्यांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. चतुराबाई उभीच राहिली. आपली बांगड्यांची पिशवी तिने पोटाशी धरली होती, सवयीने.

"डॉक्टरबाई, वर बघा. तुम्ही खाली बघून बोलता, मला कळत नाय. मी बहिरी हे. माझी आई बहिरी होती. मला साखर हे, तिलापण असणार, तेव्हा कोण तपासत होतं? लिहा."

निकिता म्हणाली, "अगं आई, त्यांनी घरात कोणाला असं विचारलं होतं. आपल्या घरात. म्हणजे यांच्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लग्न झालेल्या बाईला "घरात कोणाला" विचारलं की ती सासरचं सांगणार, ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. लहानपणापासून तिला तेच शिकवलेलं असतं, की दिल्या घरी ते तुझं घर. आणि हा प्रश्न छापलेला फॉर्म किती वर्षं, किती बायकांनी भरला असेल!

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाल्या, तोंड वर करून, सावकाश. "कोणाचं घर ते मी विचारलंच नाही. आजी, तुमच्या आईपासून सगळं सांगा. कोण कोण, कोणाला काय."

त्यांनी कागद घेतला, बायकांसाठी गोल आणि पुरुषांसाठी चौकोन काढायला लागल्या. चतुराबाई दोन गोल बघून म्हणाली, "थांबा, या तर बांगड्या झाल्या," आणि तिने पिशवी टेबलावर उघडली.

सगळ्यात वर तिने एक हिरवी बांगडी ठेवली. "ही माझी आई. हिरवी म्हणजे कान नायतर साखर." खाली तिघांची ओळ. एक हिरवी, ती स्वतः. दुसरी हिरवी, तिची बहीण नवसाबाई, देवळाली कॅम्पात दिलेली. "साखर आणि कान, दोन्ही. सात वर्षं झाली." भाऊ झुंबरसाठी चौकोन म्हणून तिने पिशवीतली काडेपेटी काढली आणि तिच्यावर हिरवी बांगडी ठेवली. "यालापण कमी ऐकू येतं. बायको म्हणते सोंग करतो."

"तुमच्या भावाची मुलं?" डॉक्टरांनी पटकन विचारलं.

"चार हेत. चौघं ठणठणीत." चार लाल बांगड्या. "नवसाबाईच्या दोन लेकी. थोरलीला बाळंतपणात साखर निघाली, ती गेलीच नाय. धाकटी टीव्ही मोठ्याने लावते म्हणून सासू भांडते." दोन हिरव्या. मग आपल्या बांगडीखाली तिने निकिताची ठेवली, लाल, आणि तिच्याखाली सगळ्यात लहान मापाची एक हिरवी.

सगळे टेबलाजवळ सरकून तो पसारा बघू लागले. कोणालाही दिसत होतं. मधली निकिताची एक लाल सोडली तर आईकडून लेकींकडे हिरवी ओळ उतरत गेली होती आणि झुंबरच्या काडेपेटीखाली येऊन थांबली होती.

"सगळे कागद एकीकडे आणि हे एकीकडे," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीराच्या पेशीपेशीत ताकद तयार करणाऱ्या बारक्या चुली असतात. त्यांचा स्वतःचा वेगळा नकाशा असतो आणि तो फक्त आईकडून येतो, मुलाला आणि मुलीला दोघांनाही. पण पुढे देते ती मुलगीच. मुलगा देत नाही. त्या नकाशात एक अक्षर चुकलं की ज्या अवयवांना जास्त ताकद लागते ते आधी थकतात. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी थकतात, कानाचा आतला शंख थकतो, कधी उंचीही कमी राहते. कोणात चुकलेल्या चुली जास्त, कोणात कमी, म्हणून कोणाला तेराव्या वर्षी त्रास होतो आणि कोणाला पन्नाशीत. "तपासणी करून खात्री करू. पण माझा अंदाज खरा निघाला तर दोष शंखात आहे, नसेत नाही. अशा मुलांना ते यंत्र चांगलं लागू पडतं."

बायडाबाईने नेमकं तेवढंच उचललं जेवढं तिला हवं होतं. "म्हणजे तुमच्याकडूनच आलं म्हणा की."

वर्षानुवर्षं चतुराबाई याच वाक्याला भीत आली होती. आता ते समोर आलं तर तिला वाटलं, एवढंच होतं होय? ती विहिणीकडे वळली. "आलं ना. आमच्याकडूनच आलं. नाक पण आमच्याकडून आलं, केस पण आमच्याकडून आले, आणि ही जी चार वर्षं पोटात गोष्ट ठेवायची अक्कल हे ना, ती पण आमच्याकडूनच आली. त्याचं कधी नाव काढलं नाय तुम्ही, विहीणबाई. आज दुखणं निघालं तर लगेच घर कळलं?"

संतोषने त्या दिवशी पहिल्यांदा आईकडे न बघता, सासूकडे बघून तोंड उघडलं. "मामी, तुम्ही बोललात म्हणून कळलं. डॉक्टर, तपासणी कधी करायची?"

तपासणीचा निकाल यायला पाच आठवडे लागले. चुकलेलं अक्षर सापडलं, सायलीत भरपूर, चतुराबाईत बेताचं, निकितात थोडं. निकिताचीही साखर जरा वर निघाली आणि ती वेळेत कळली. चतुराबाई इतकी वर्षं घेत असलेली साखरेची गोळी डॉक्टरांनी बंद केली. या आजारात ती नको, म्हणाल्या, आणि दुसरं औषध दिलं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सायलीची शस्त्रक्रिया झाली.

जखम भरल्यावर जूनमध्ये यंत्र चालू करायचा दिवस ठरला. सगळ्यांना वाटत होतं की बटण दाबलं की पोर आनंदाने उडी मारणार. सायलीने तोंड वाकडं केलं. "आई बेडकासारखी बोलतेय," ती म्हणाली, आणि निकिता एकाच वेळी हसली आणि रडली. यंत्र जुळवून देणाऱ्या ताईंनी आधीच सांगितलं होतं की मेंदूला हा नवा आवाज शिकावा लागतो. मग शिकणं सुरू झालं. रोज शाळेतून आली की सायली आजीच्या दुकानात पायरीवर बसायची. आजी एकेक शब्द म्हणायची, सायली परत म्हणायची. तांब्या, घागर, पोपटी, मोरपंखी, जांभळी. शाळा तीच, बाक तोच. ट्रंक माळ्यावरून कोणी खाली काढलीच नाही.

यंत्राच्या ताईंनी आजीलाही धरलं आणि कानात घालायचं साधं मशीन बसवलं. पहिल्या दिवशी ती दुकानात बसली आणि वैतागली. "हा बाजार एवढा भांडतो रोज?" पण मशीन तिने काढलं नाही. लपवण्यासाठी पदरही पुढे ओढला नाही. कोणी बघितलं तर स्वतःच सांगायची, "बहिरी हे मी. तुझ्या आईला कसं ऐकू येतं गं?"

हा प्रश्न तिने धंद्यातच घातला. हात धरायचा, माहेर विचारायचं आणि पुढे विचारायचं, आईला साखर हे का, आईच्या आईला ऐकू येत होतं का? नवसाबाईला आणि तिच्या दोन्ही लेकींना तिने स्वतः रिक्षात घालून दराड्यांकडे नेलं. झुंबर येत नव्हता. त्याला तिने सांगितलं, "तू सोंग करत नाय हे तुझ्या बायकोला डॉक्टरकडून लिहून देते, चल," तेव्हा तो सगळ्यांच्या आधी दवाखान्याच्या पायऱ्या चढला. इगतपुरीकडच्या तिच्या दोन मावसबहिणी होत्या, लग्नानंतर तिसऱ्याच आडनावांत हरवलेल्या. त्यांना तिने मापावरून आठवून आठवून शोधलं, त्यांच्या लेकीनातींसकट. दिवाळीपर्यंत अकरा जणी आणि एक झुंबर. अकरा जणींची आडनावं नऊ, गावं सात, आणि सगळ्यांची मूळ आई एक. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या एका रांगेत बसल्या तेव्हा परिचारिका म्हणाली, तुमच्यात कोणाचं लग्नबिग्न आहे का? दोघींची तीच चुकीची गोळी बदलली. नवसाबाईच्या नातीचे कान उतरणीला लागण्याआधीच नजरेखाली आले. ती सहा वर्षांची होती.

आणि दवाखान्यातला फॉर्म बदलला. नवीन छापून आला तेव्हा डॉक्टरांनी एक प्रत चतुराबाईला दाखवायला मुद्दाम ठेवली होती. "घरात कोणाला" काढून तिथे दोन ओळी होत्या. वडिलांच्या घरी कोणाला? आईच्या माहेरी कोणाला? चतुराबाईने बोट ठेवून दोन्ही वाचल्या. "आईचं माहेर वर घ्यायला हवं होतं," ती म्हणाली. पण खूश झाली होती, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. तो कागद तिने दुकानात बांगड्यांच्या दांडीमागे चिकटवून टाकला.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती, सायली दुकानातच होती. संध्याकाळी चारच्या सुमाराला चतुराबाईच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने पदर तोंडावर धरला आणि पदराआडून म्हणाली, "कडुनिंबाखाली तू काय बोलली होतीस?"

सायली दांडी पुसत होती, पाठ होती तिची. ती वळलीसुद्धा नाही. "मी म्हणाले होते, आजी, मला लांब पाठवू नका."

चतुराबाईने पदर खाली घेतला. पोरीने पाठमोरं उत्तर दिलं होतं. ती उगाच चटई झटकू लागली. बरं झालं, तेवढ्यात पायरीवर गिऱ्हाईक आलं.

पल्लवी होती, भगूरची, सातवा महिना लागलेली, आणि तिच्या मागे तिची आई. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. "हिलाच तुमच्याकडं यायचं होतं," आई अवघडून म्हणाली. "मी नको म्हणत होते. म्हणजे, त्या दिवशी मी पण जरा जास्तच बोलले."

"जास्त नाय, नेमकं बोललात," चतुराबाई म्हणाली. "कान नव्हताच माझा. आता हे." तिने पल्लवीचा हात धरला, हलकेच दाबला. "पावणेतीन झालीस गं. सूज हे थोडी. साखर तपासलीस का?" मग दांडीवरून हिरवा घोस काढला आणि बोटावर टांगून टिचकी मारली. मशीनमधून आवाज आला, बरा वाटला. पण चतुराबाई आता स्वतःला फसवत नव्हती. तिने घोस मागे सायलीकडे दिला.

सायलीने टिचकी मारली, मान तिरकी केली. पुन्हा एकदा मारली. "आजी, बद्द आहे," ती म्हणाली. पायरीवरच्या दोघी पुढे वाकून बघत होत्या. सायलीने एकेक बांगडी नखाने वाजवायला घेतली. एक, दोन, तीन. सातवी वाजवली, कानामागच्या यंत्राजवळ धरून परत वाजवली, आणि बाजूला काढून आजीच्या तळहातावर ठेवली. चतुराबाईने ती दोन बोटांत धरून जरा दाबली. बांगडीचे दोन तुकडे झाले.

"वाढली," पल्लवीची आई हळूच म्हणाली. मग सायलीकडे निरखून बघत तिने विचारलं, "काय कान आहे पोरीचा! कोणाची ही? कोणाच्या घरातली?"

लेकीची लेक, जेल रोडची, संतोषरावांची, असं सांगायची रीत आहे. चतुराबाईने उरलेल्या अकरा बांगड्या हातात घेतल्या, पल्लवीचं मनगट मांडीवर ओढलं आणि पहिली बांगडी सरकवली.

"आमच्या," ती म्हणाली. "आमच्याच घरातली हे."